दीड चाकू : नवशिक्या संग्राहकांसाठी मार्गदर्शिका

माझ्या संग्रहात दीड चाकू आहे. अकरा वर्षांच्या साधनेनंतर एवढा आकडा गाठलेला दुसरा माणूस धार आणि देवास या दोन्ही जिल्ह्यांत माझ्या माहितीत नाही, त्यामुळे ही मार्गदर्शिका लिहिण्याचा अधिकार आपोआप माझ्याकडे आला. 'दीड' वाचून कोणाला हसू आले असेल, तर त्याने आधी पाऊण जमवून दाखवावा.

विषय असा : दुसऱ्या महायुद्धात विमानातून उड्या मारणारे सैनिक खिशात बाळगत ते घडीचे चाकू. तलवारी नव्हेत. तलवारींचा छंद आमच्या माळव्यात करता येत नाही, कारण इथे प्रत्येक मराठी घरात एक तलवार आधीच टांगलेली असते आणि ती पवारांच्या पहिल्या स्वारीबरोबर आलेली असते. धारची असली तर उदाजीरावांबरोबर, देवासची असली तर तुकोजी-जिवाजींबरोबर. या सगळ्या तलवारी मोजल्या, तर पेशव्यांनी माळव्यावर फौज पाठवली होती की लोहारांचा तांडा, असा प्रश्न पडेल. धारच्या किल्ल्यात १७७५ मध्ये दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला, हे खरे आहे. म्हणून धारमध्ये सापडणारा प्रत्येक अडकित्ता आनंदीबाईंचा असतो, हे खरे नाही. खिशातल्या चाकूवर मात्र अजून कोणत्याही घराण्याने हक्क सांगितलेला नाही. नवशिक्याला शिरायला एवढी फट पुरे.

आधी तोंड सांभाळा

पहिली सूचना भाषेची आहे. मराठीत पॅराट्रूपरला छत्रीधारी सैनिक म्हणतात, म्हणून बाजारात जाऊन 'छत्रीवाल्यांचा चाकू आहे का' असे विचारू नका. मी विचारले होते. देवासात छत्री म्हणजे मिठ्या तलावाच्या काठावरच्या पवारांच्या छत्र्या, राजघराण्याच्या समाध्या. एका सज्जनाने मला मोठ्या अदबीने तलावाचा रस्ता दाखवला. दुसऱ्याने छत्र्या दुरुस्त करणाऱ्याकडे धाडले. त्याच्याकडे चाकू होता, चांगलाही होता, पण तो रोजच्या कामाचा होता आणि त्याने तो माझ्या नजरेपासून ताबडतोब बाजूला केला. 'पॅराशूट' म्हणालात तर दुकानदार खोबरेल तेलाची निळी बाटली पुढे ठेवतो. 'कमांडो' म्हणालात तर काळ्या रंगाचे, दातेरी पात्याचे, मुठीत होकायंत्र बसवलेले काहीतरी निघते. त्यातले होकायंत्र कायम दुकानाच्या गल्ल्याची दिशा दाखवते. आणि 'फौजी' म्हणालात तर वस्तू तीच राहते, किंमत दुप्पट होते.

काही विचारूच नका. नुसते उभे राहा आणि भंगारातला पाना उचलून बघत असल्यासारखे करा.

काय शोधायचे

या छंदातला कोहिनूर म्हणजे जर्मन चाकू. १९३७ मध्ये जर्मन हवाई दलाने तो आपल्या छत्रीधाऱ्यांसाठी करवून घेतला. तो असाच का, हे समजून घ्या, म्हणजे दुकानात फसलात तरी अज्ञानाने फसलात असे कोणी म्हणणार नाही. जर्मन छत्रीचे दोर सैनिकाच्या पाठीमागे एका जागी येऊन मिळत. हवेत तो पुढे झुकून लटकलेला असे आणि दोर हाताशी नसल्यामुळे दिशा बदलणे त्याच्या हाती नसे. वारा नेईल तिकडे जायचे. बंदुका बहुतेक वेगळ्या पेटाऱ्यांतून खाली यायच्या, अंगावर पिस्तूल आणि फार तर हातबॉम्ब. असा माणूस झाडात अडकला, एक हात दोरात गुंतला, तर उरलेल्या एका हाताने उघडेल असा चाकू हवा. म्हणून पाते मुठीच्या पोटात लपवलेले. मूठ उलटी धरून खटका दाबला, की पाते आपल्याच वजनाने खाली सरकते आणि अडकून बसते. यात कुठेही स्प्रिंगचा जोर नाही, पृथ्वीचा आहे. २० मे १९४१ रोजी क्रीट बेटावर हजारो जर्मन उतरले, त्यातले कितीतरी ऑलिव्हच्या बागांत उतरले, आणि या चाकूची खरी परीक्षा तिथे झाली. मुठीला अक्रोडाच्या किंवा तसल्याच लाकडाच्या पट्ट्या, बाजूला दोरांच्या गाठी सोडवायला एक जाड टोच्या, आणि पात्याच्या मुळाशी सोलिंगेनच्या कारखान्याची खूण.

पहिल्या धाटणीचा चाकू एकसंध असे. आत माती गेली की सफाई करता येईना, म्हणून दुसऱ्या धाटणीत तो हत्यारांशिवाय सुटा करता येईल असा बनवला. हे वाक्य अधोरेखित करून ठेवा. माझा अर्धा चाकू याच सुधारणेतून जन्मला आहे.

अमेरिकन चाकू लहानसा. बटण दाबले की स्प्रिंगने उघडतो. त्यांच्या छत्रीधाऱ्यांच्या १९४२ च्या जाकिटाला गळ्यापाशी खास त्याच्यासाठी चेनचा खिसा होता, म्हणजे लटकलेल्या माणसाचा हात तिथे पोचावा. माझ्या संग्रहातला अख्खा चाकू हा. निदान घेतला तेव्हा हा होता. घरी आणून आमच्या शेजाऱ्यांना दाखवला. शेजारी देवासच्या बँक नोट प्रेसमध्ये उभी हयात काढून निवृत्त झालेले. त्यांनी चाकू खिडकीशी नेला, उजेडात तिरपा धरला, डोळ्यांपासून लांब केला, जवळ आणला, आणि कारखान्याच्या नावात एक अक्षर कमी असल्याचे सांगून चहा मागितला. ज्या गावात देशाच्या नोटा छापतात, त्या गावात खोटा माल घेऊन येण्याची ही शिक्षा. पण खोटा असला तरी अख्खा आहे, म्हणून मी तो एक धरतो.

रामपुरीच्या वाटेला जाऊ नका. तो वेगळा छंद आहे, आणि रामपूरवाल्यांनी २०२३ मध्ये चौकात वीस फुटी चाकू उभारून त्याची कमाल मर्यादा गाठली आहे.

आपला चाकू

आता जरा गंभीर व्हा, कारण इथे नवशिक्याचा सगळ्यात मोठा हिरमोड होतो. आपल्या छत्रीधाऱ्यांचा खास चाकू कोणता, असे तो विचारतो. ऑक्टोबर १९४१ मध्ये दिल्लीत ५० वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड उभी राहिली. त्याच महिन्यात कराचीला कॅप्टन रंगराज आणि हवालदार मेजर मथुरा सिंह यांनी उडी मारली. भारतीय सैनिकांची ती पहिली. हे रंगराज डॉक्टर होते. पुढे १९५१ मध्ये कोरियात ६० वी पॅराशूट फील्ड अँब्युलन्स घेऊन ते अमेरिकनांबरोबर उतरले. म्हणजे आपल्या पहिल्या छत्रीधाऱ्याच्या हाती शोभणारे पाते शस्त्रक्रियेचे होते, आणि ते जमवायचे तर हा छंद सोडून वैद्यकीत जावे लागेल.

ब्रिगेडला पहिली दोन-तीन वर्षे छत्र्यांचाच तुटवडा होता. मार्च १९४४ मध्ये सांगशकला ती जपान्यांशी भिडली, तीही जमिनीवरून. वरून उतरले ते रसद-पाण्याचे पेटारे, आणि त्यातले पुष्कळ जपान्यांच्या हाती पडले. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर सामान टाकायला रेशीम पुरेना, तेव्हा जनरल स्लिमने बंगालच्या गिरण्यांकडून तागाच्या छत्र्या करवून घेतल्या. तागाच्या! म्हणजे पोत्याचा सख्खा भाऊ आकाशातून खाली येत होता. अशा काटकसरी फौजेकडून खास खटक्याच्या चाकूची अपेक्षा करणे म्हणजे पंगतीत ताकाच्या वाटीत साय शोधणे.

सगळ्या फौजेत वाटला जाई तो एकच : कडीचा घडीचा चाकू. खलाशांच्या चाकूवरून बेतलेला. काळी, चौकड्यांची, हातातून न निसटणारी मूठ. एक रुंद पाते, टोकाला बोथट. एक डबा फोडायचे पाते. पाठीवर लांब, अणकुचीदार टोच्या. खाली कडी, तिच्यात दोरी, दोरी कमरेला. पात्याच्या मुळाशी सरकारी बाणाची खूण आणि साल. उडी मारणाऱ्याकडे तोच, खेचरे हाकणाऱ्याकडे तोच. त्यामुळे एखादा कडीचा चाकू 'छत्रीधाऱ्याचा' आहे हे पात्यावरून सिद्ध होतच नाही. ते माणसावरून सिद्ध करावे लागते, आणि माणूस बहुधा गेलेला असतो.

घरात शोधा

१९२१ मध्ये ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार देवासच्या थोरल्या पातीच्या तुकोजीरावांचा खासगी चिटणीस म्हणून काही महिने राहिला. राजवाड्यात मोठ्या हौसेने आणलेल्या आणि नंतर कोणीही हात न लावलेल्या वस्तू पाहून तो चक्रावून गेला होता. आणायचे आणि ठेवून द्यायचे, ही आमच्याकडची जुनी रीत. म्हणून शोध घरातून सुरू करा : माळा, ट्रंका, देवघराखालचा खण, शिवणाच्या यंत्राचे ड्रॉवर. फक्त एक लक्षात ठेवा, की तलवार भिंतीवर राहते, पण चाकू कधीच रिकामा बसत नाही. तुम्ही पोचण्याआधी त्याला कोणीतरी कामाला लावलेले असते.

माझ्या आत्याचे घर देवासात टेकडीच्या पायथ्याशी आहे. तिचे सासरे फौजेत होते आणि १९४६ मध्ये परत आले, एवढे सगळ्यांना ठाऊक. परत येताना त्यांनी काय आणले, ते मला अकरा वर्षांपूर्वी आंब्याच्या डाळीच्या दिवशी कळले. आत्या स्वयंपाकघरात पाटावर बसून कैरी सोलत होती. हातात कडीचा चाकू. काळी मूठ, चौकड्या झिजून निम्म्या राहिलेल्या, रुंद पाते दगडावर घासून घासून बारीक झालेले. पण मुळाशी बाण शाबूत होता, आणि बाणाखाली १९४२.

"आत्या, हा चाकू लढाईतला आहे!"

"मग? इथे काय शांतता आहे?"

नवशिक्याने करू नये ती चूक मी त्या क्षणी केली : वस्तूची किंमत मालकिणीला सांगितली. तोवर तो नुसता चाकू होता. त्यानंतर तो 'मामंजींचा' झाला. मी बदल्यात सहा सुऱ्यांचा स्टेनलेसचा संच नेऊन दिला. आत्याने तो ठेवून घेतला आणि पुढच्या लग्नात आहेर म्हणून फिरवला. मी चिनी बनावटीचे, अकरा कामे करणारे घडीचे हत्यार नेले. आत्या म्हणाली, "अकरा नकोत, मला चारच कामे हवीत." ती चार अशी : कैरी सोलणे, पत्र्याचा डबा फोडणे, नारळाचा डोळा टोकरणे आणि परकरात नाडी ओवणे. शेवटच्या कामाला टोच्या. खलाशांनी जाड दोरांच्या गाठी सोडवायला शोधलेला, दोन महायुद्धांतून पार पडलेला तो टोच्या नाडीला असा काही चालतो, की शेजारपाजारच्या बायका परकर घेऊन आत्याकडे येतात. चिनी हत्याराने नाडी ओवायला घेतली आणि ते आतच उघडले.

तेव्हापासून आमचा करार असा आहे, की या चारही कामांत त्या चाकूच्या तोडीचे दुसरे हत्यार मी आणून द्यायचे, मग तो माझा. संग्रहाच्या मोजणीत मी तो धरत नाही. मी प्रामाणिक आहे.

महूला जा

घरात जमले नाही की महू. १८१८ च्या तहानंतर तिथे छावणी पडली, ती आजही आहे. पायदळाची शाळा आहे, दूरसंचाराचे महाविद्यालय आहे. जिथे फौज असते तिथे बदल्या असतात, आणि जिथे बदल्या असतात तिथे भंगार असते. महायुद्ध संपल्यावर देशभर डिस्पोजलचा माल विकला गेला, आणि त्यातले कायकाय अजून या बाजूच्या जुन्या दुकानांत तळाशी बसले आहे. धारहून जा, देवासहून इंदूरवरून जा, पण सकाळी पोहे खाऊन जा. उपाशी संग्राहक घासाघीस करत नाही.

मी गेलो त्या दुकानाचे नाव सांगणार नाही. तिथे मला अजून जायचे आहे. एका पत्र्याच्या डब्यात कुठल्या तरी बंद पडलेल्या खानावळीचे काटे-चमचे होते. त्यांच्या बुडाशी मला एक पाते सापडले. मूठ नाही. फक्त पाते, चारेक इंचांचे, मागच्या टोकाला वेगळाच खाचेचा आकार. मुळाशी बारीक अक्षरे. पहिला शब्द झिजलेला, दुसरा सोलिंगेन, तिसरा रोस्टफ्राय. माझे हृदय कुठे गेले ते सांगता येणार नाही. जर्मन भाषेत रोस्टफ्राय म्हणजे गंज न धरणारे. सुट्या होणाऱ्या दुसऱ्या धाटणीचे पाते माझ्या हातात होते.

दुकानदाराने ते माझ्या हातून घेतले, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि वाचले.

"होटल का माल है, भिया. लिखा तो है : रोस्ट, फ्राय."

अशा वेळी नवशिक्याने काय करावे? चेहरा एकादशीचा ठेवावा. मी म्हणालो, "हमारे यहाँ तो शाकाहारी हैं." तो म्हणाला, "तो आलू काट लेना. बीस रुपये." मी पंधराला मागितले, कारण न मागता दिले असते तर त्याला संशय आला असता, आणि अठराला घेतले. या व्यवहारात मी त्याला फसवले की त्याच्या दोन पिढ्यांच्या अज्ञानाचे भाडे भरले, यावर मी बसमध्ये विचार करायला घेतला होता, पण राऊ येईपर्यंत झोप लागली.

असा माझा अर्धा चाकू. कोणी विचारते, अर्ध्याला काय किंमत? त्याने आधी धारला जाऊन लाट मशिदीजवळचा लोखंडी स्तंभ पाहावा. तीन तुकड्यांत पडलेला आहे. जोडला तर तेरा मीटरच्या वर भरेल, आणि तुकड्यांत आहे म्हणून त्याला कोणी भंगार म्हणत नाही. देवासकराला तर अर्ध्याची लाज वाटण्याचे कारणच नाही. हे गावच दोन राज्यांत वाटलेले होते : थोरली पाती, धाकटी पाती, एका गावात दोन राजे, १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन होईपर्यंत. पाते मला थोरल्या पातीच्या बाजूला राहून मिळाले. मूठ धाकट्या पातीत कोणाच्या तरी माळ्यावर आहे, अशी माझी श्रद्धा आहे.

कथेची घासाघीस

जुन्या चाकूला दोन किमती असतात, एक लोखंडाची आणि एक कथेची. विकणारा लोखंडावर सूट देतो, कथेवर देत नाही. 'आमच्या आजोबांनी एका जर्मनाकडून घेतला' हे वाक्य ऐकले, की नवशिके हसतात किंवा भुलतात. दोन्ही करू नका. अशी वाट खरोखर होती. मार्च १९४४ मध्ये इटलीत कॅसिनोच्या डोंगरावर चौथी भारतीय डिव्हिजन लढली, तेव्हा समोर जर्मनांची पहिली पॅराशूट डिव्हिजन होती. मराठ्यांच्या पलटणी त्या वेळी इटलीत होत्या. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नायक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आणि यातली गंमत बघा, की तीच बटालियन पुढे छत्रीधारी झाली आणि १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन बनली : २ पॅरा (मराठा). ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशात टांगाइलजवळ उतरली ती हीच, लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या नेतृत्वाखाली, पूल ताब्यात घ्यायला.

तेव्हा कथा ऐका, पण सालांवर बोट ठेवा. 'आजोबा १९४१ मध्ये इटलीत होते' म्हणाला तर उठा. भारतीय पलटणी इटलीत उतरल्या १९४३ मध्ये. 'आजोबा क्रीटला होते' म्हणाला तर चहा घेऊन उठा. आजोबा कोणत्या पलटणीत होते हे सांगता आले नाही आणि चाकूने किती जण मारले हे मात्र सांगता आले, तर चहाही घेऊ नका. ज्यांनी लढाई पाहिली ते बहुधा थंडीबद्दल, खेचरांबद्दल आणि बिस्किटांच्या डब्यांबद्दल बोलतात. आत्याचे सासरे कशाबद्दल बोलत, असे मी विचारले होते. "हलव्याबद्दल," आत्या म्हणाली. "तिकडे रवा मिळत नसे."

आणि कागद किंवा फोटो दाखवला म्हणून विरघळू नका. टांगाइलची उडी खरी, तिची बातमी खरी, पण तिच्याबरोबर जगभर छापले गेलेले आकाशभर छत्र्यांचे छायाचित्र आग्र्याच्या एका जुन्या सरावाचे होते. ते देणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यानेच पुढे तसे लिहून ठेवले. खऱ्या घटनेला जुना फोटो चालून गेला, मग तुमच्या अठरा रुपयांच्या पात्याला एखादा उसना आजोबा का चालू नये? चालतो. फक्त त्याचे पैसे देऊ नका.

कायदा

हा भाग उभ्याने वाचा. शस्त्र कायदा १९५९ चा आहे. त्याखालच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पाते शस्त्रांत मोडते. घरकामाची आणि शेतीची हत्यारे वगळून. मध्य प्रदेशात १९७४ ची एक अधिसूचना आहे, ती आणखी कडक. सार्वजनिक जागी सहा इंचांपेक्षा लांब पाते विनापरवाना चालत नाही, आणि स्प्रिंगचा चाकू असेल तर पाते कितीही चिमुकले असो, चालत नाही. इथल्या पोलिसांच्या भाषेत याला खटकेदार चाकू म्हणतात. वर्तमानपत्रात 'खटकेदार चाकू के साथ युवक गिरफ्तार' अशी बातमी दर आठवड्याला असते, आणि त्या युवकाच्या जागी स्वतःचा फोटो कसा दिसेल याची कल्पना करूनच घराबाहेर पडावे.

जर्मन चाकूला स्प्रिंगचा जोर नाही, तो गुरुत्वाकर्षणाने उघडतो, हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, न्यूटनला माहीत होते. नाक्यावरच्या हवालदाराला हे सिद्ध करून दाखवायचे, तर चाकू उलटा धरून खटका दाबावा लागतो. पाते खट् आवाज करून बाहेर येते. मग तो एवढेच विचारतो, "खटका हुआ कि नहीं हुआ?" याला उत्तर नाही. चाकू घेतला की कागदात गुंडाळा, सुतळीने बांधा, पिशवीच्या तळाशी ठेवा, वर मेथीची जुडी टाका. माझे पाते मी मेथीखालून आणले, आणि त्याला तर मूठही नव्हती.

शंभर वर्षे झालेल्या वस्तूला १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो. आत्याचा चाकू १९४२ चा. म्हणजे २०४२ मध्ये तो पुरावस्तू होईल, आणि त्यानंतर त्याने नाडी ओवणे हा राष्ट्रीय ठेव्याचा गैरवापर ठरेल काय, हे मी एका वकिलांना विचारून ठेवले आहे. त्यांनी फी सांगितली, मत दिले नाही.

निगा

चिंच, राख, लिंबू, काथ्या यांपैकी काहीही लावू नका. जुन्या लोखंडावरचा काळसर थर म्हणजे त्याचा सातबारा. तो घासला की मालकी गेली. शिवणयंत्राचे तेल, एक थेंब, जुन्या धोतराच्या फडक्याने. चामड्याच्या म्यानात कायमचा ठेवू नका, चामडे लोखंडाला खाते. धार लावू नका. हे धारच्या माणसाला सांगणे कठीण आहे. तिथले माझे एक स्नेही 'आमच्या गावाचे नावच तलवारीच्या धारेवरून आहे' असे म्हणत कोणतेही पाते दिसले की दगड शोधू लागतात. त्यांच्यापासून संग्रह लांब ठेवा. मी माझे पाते लोकरीच्या मोज्यात ठेवतो, आणि खोटा अमेरिकन त्याच्या शेजारी, म्हणजे खऱ्याला सोबत होते.

ताजी नोंद

मागच्या महिन्यात पुन्हा आत्याकडे गेलो. या वेळी तयारीने : कॅलिपर, भिंग, मोजपट्टी, वही, कॅमेरा. मिळत नाही तर निदान चाकूची मापे घ्यावीत, असा विचार. अक्षय तृतीया होऊन गेली होती. अंगणात पोते उपडे केलेले, कैऱ्यांचा ढीग, मेथांब्याचा वास घरभर. आत्या आता ऐंशीच्या पुढची आहे, बोटे वाकडी झाली आहेत. तिने माझी हत्यारे ओळीने मांडलेली पाहिली, मग चाकू कमरेच्या दोरीतून सोडवून माझ्या हातात दिला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मी तो मिटला, उघडला. पाते जागेवर बसताना कट्ट असा आवाज झाला, आणि इतक्या झिजलेल्या चाकूत जरासुद्धा खिळखिळेपणा नव्हता. मी भिंग काढले.

"मापे नंतर घे," आत्या म्हणाली. "तू चाकूंतला जाणकार ना? मग आधी या आटप."

चार किलो कैऱ्या होत्या. बाणाची बाजू वर येईल असा चाकू धरून मी पाटावर बसलो. पहिली कैरी हातात घेतली तेव्हा आत्याने एवढेच सांगितले, की साल जाड काढू नकोस.